झुलीखालचा बैल



सिरसाळ्याहून परळीला निघा, नाहीतर तेलगावकडे वळा, रस्त्यावर काय काय दिसते ते तुम्हाला सांगायला नको. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, कारखान्यावर निघालेल्या कोयत्यांच्या टोळ्या, माणसांनी गच्च भरलेल्या जीपा, आणि या सगळ्यांना मागे टाकत जाणारी एखादी उंचीपुरी, रुंद, चकचकीत मोटार. ती गेली की पारावरच्या माना तिच्यामागे वळतात. तरण्या पोरांना तिचे नाव आणि किंमत पाठ असते. ‘घ्यावी तर अशी!’ असे कुणीतरी म्हणतोच.

आज याच गाडीबद्दल बोलू. ती पळते कशी हे नव्हे, दिसते कशी हे. बाहेरून ती एवढी रुबाबदार का वाटते, आत बसल्यावर पालखीत बसल्यासारखे का होते, आणि त्या रुबाबातले आपल्या कामाचे किती, नुसते मिरवायचे किती, हे जरा तपासू. विषय हौसेचा वाटेल, पण तो घराचा आहे. जमिनीचा मोबदला हाती आला, एखाद्या वर्षी कापसाने साथ दिली किंवा घरात लग्न निघाले की अशा गाडीची गोष्ट निघतेच. आणि दुकानात गेल्यावर आपण भाळतो ते दिसण्यावरच.

मला सांगा, पोळ्याच्या दिवशी कुणी बैलाची पारख करतो का? त्या दिवशी सगळेच बैल देखणे. शिंगांना हिंगूळ, वर बेगड, गळ्यात घुंगुरमाळा, पाठीवर आरशांची झूल. पण बैलबाजारात गेलो की आपण झूल पाहत नाही. दात मोजतो, खूर पाहतो, छाती आणि पाय न्याहाळतो, चालवून बघतो. लाल कंधारी असो की देवणी, जातीचे कौतुक नंतर, आधी अंग. मोटारीवरही हीच नजर टाकायची. अंग कोणते आणि झूल कोणती, एवढे ओळखता आले की फसगत टळते.

शेतातच जन्मलेली गाडी

यातली गंमत अशी, की आज श्रीमंतांच्या दारात उभी राहणारी ही गाडी मुळात शेतकऱ्याची आहे. इंग्लंडच्या रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स यांची वेल्समधल्या अँगलसी बेटावर शेती होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ते त्या शेतावर लष्करातली जुनी अमेरिकन जीप वापरत. ती खिळखिळी झाल्यावर दुसरी आणायची कुठून, या विचारातून लँड रोव्हर जन्मली. १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली.

तिचे रूप पाहा. युद्धानंतर पोलादाचा तुटवडा होता, म्हणून अंगाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. महागडे साचे परवडत नव्हते, म्हणून पत्रे सरळ, हाताने वाकवता येतील असे. रंग फिकट हिरवा, कारण लष्करी विमानांसाठी केलेला तो रंग शिल्लक पडला होता. इंजिनाच्या जोरावर शेतातली यंत्रे फिरवण्याची सोयही तिला करून घेता येई. म्हणजे जे दिसत होते, त्याला काही ना काही कारण होते. झूल नव्हतीच, सगळे अंगच होते.

पुढे त्याच घराण्यात १९७० साली रेंज रोव्हर आली. शेतात चालावी आणि शहरातही शोभावी, अशी. स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड या अभियंत्यांनी ती घडवली आणि डेव्हिड बाश यांनी तिच्या रूपावर शेवटचा हात फिरवला. बॉनेटच्या दोन्ही कडा किंचित उचललेल्या होत्या. चालकाला बसल्या जागेवरून गाडीचे कोपरे दिसावेत आणि अरुंद वाटेत अंदाज यावा, यासाठी हा आकार उपयोगी. मागचे दार दोन भागांत उघडे, एक वर, एक खाली. खालच्या फळीवर सामान टेकवा किंवा बसून भाकरी खा. आणि आत काय? रेक्झीनसारखी आसने, साधा प्लास्टिकचा दर्शनी भाग, चिखलाचे बूट घालून बसा आणि संध्याकाळी पाण्याने धुऊन काढा! आज जिच्या आसनावर बसताना माणूस पँट झटकतो, तिचा हा मूळ अवतार.

मग श्रीमंतांना ती आवडली. १९८१ साली चार दारांची आली. त्या दशकात गालिचे, लाकूड, चामडे एकेक करून आत शिरले. २००८ साली लँड रोव्हर आणि जग्वार या दोन्ही कंपन्या आपल्या टाटा मोटर्सने विकत घेतल्या. २०११ पासून त्यांच्या काही गाड्यांची जुळणी पुण्यात होऊ लागली, आणि २०२४ साली खुद्द रेंज रोव्हरची जुळणी पुण्यात सुरू झाली. वेल्सच्या शेतातल्या गरजेतून निघालेले घराणे असे फिरत फिरत महाराष्ट्रात आले. किंमत मात्र कोटींत गेली.

रूप घडते कसे

गाडीचे रूप आधी कागदावर किंवा संगणकावर काढतात, आणि मग चक्क मातीची गाडी करतात. ही माती तेलकट असते. ती भट्टीत गरम करून मऊ करतात, सांगाड्यावर थापतात आणि थंड झाली की पात्यांनी तासतात. खऱ्या गाडीएवढी मोठी मातीची गाडी उभी राहते. तिच्याभोवती फिरून, तिच्यावर उजेड टाकून, कडा कुठे उठते आणि सावली कुठे पडते ते पाहतात. पोळ्याला लेकरे मातीचे बैल करतात, त्याचेच हे थोरले भावंड म्हणा ना!

आपल्याकडेही हे काम झाले आहे. पुण्याच्या टाटांनी १९९१ साली सिएरा आणि १९९८ साली सफारी आणली. महिंद्रांची बोलेरो २००० साली आणि स्कॉर्पिओ २००२ साली आली, दोन्ही नाशिकच्या कारखान्यातल्या. २०११ साली चाकणहून निघालेल्या एक्सयूव्ही ५०० चे रूप चित्त्यावरून घेतले होते, अगदी दाराच्या मुठीसुद्धा पंजासारख्या. ते रूप घडवणाऱ्या पथकाच्या प्रमुख होत्या रामकृपा अनंतन, मुंबईच्या आयआयटीत या विषयाचे शिक्षण घेतलेल्या. २०२० सालची थारही त्यांच्याच देखरेखीखाली घडली. घरात शिकणाऱ्या लेकी असतील तर त्यांना हे मुद्दाम सांगा. मोटारीचे रूप ठरवणे हे काही फक्त पुरुषांचे काम नाही.

बाहेरून पाहताना

आता गाडीला एक फेरी मारू.

पहिली गोष्ट, पोट आणि जमीन यांतले अंतर. हे अंग. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात पांदणीला चाकोऱ्या पडल्या की पोट टेकणारी गाडी तिथेच बसते. तसेच चाकाच्या पुढे आणि मागे गाडीचा भाग किती लोंबतो ते पाहा. तो जितका आखूड, तितकी ती ओढ्याच्या चढउताराला कमी घासते.

दुसरी, चाके. इथे फार फसगत होते. मोठे, चकचकीत मिश्रधातूचे चाक आणि त्यावर पातळ टायर, हा आजचा थाट. महागड्या गाड्यांना २० ते २३ इंची चाके असतात. दिसायला झोकदार, पण टायर पातळ म्हणजे खड्ड्याचा धक्का झेलायला हवा आणि रबर कमी. धक्का थेट चाकावर बसतो, चाकाला तडा जाऊ शकतो. शिवाय असला टायर आडगावी मिळणे कठीण. आखाड्यावर जायचे असेल तर चाक थोडे लहान आणि टायर जाड असलेलाच प्रकार मागा.

तिसरी, चाकांभोवतीची आणि दारांखालची काळी प्लास्टिकची पट्टी. ती काही जणांना गरिबीची वाटते. पण खडे उडतात ते तिथेच, आणि बाभळीचे काटे घासतात तेही तिथेच. रंगवलेल्या पत्र्यावर ओरखडा उठला की रंगाचा खर्च, काळ्या प्लास्टिकवर तो फारसा दिसतही नाही. ती पट्टी अंग आहे.

चौथी, पुढची जाळी. तिचे काम रेडिएटरला वारा देणे. आता जाळ्या ढालीएवढ्या झाल्या आहेत, पण जवळ जाऊन बोट लावून पाहा, पुष्कळदा निम्मी जाळी मागून बंदच असते. विजेवर चालणाऱ्या गाडीला तर एवढ्या जाळीची गरजच नसते, तरी काहींच्या तोंडावर नुसता जाळीचा आकार काढलेला असतो. ही झूल. तीच गोष्ट बॉनेटवरच्या खोट्या नाकपुड्यांची आणि मागे लावलेल्या खोट्या धुराड्यांची.

पाचवी, मागचा उतार. छत मागे घसरत नेले की गाडी धावरी दिसते. पण त्या उताराखाली बसणाऱ्याचे डोके छताला लागते, आणि मागे रचायच्या पिशव्या कमी मावतात. शेतकऱ्याच्या गाडीला सरळ पाठ बरी.

एक गोष्ट कुणी सांगत नाही, की रूप सरकारच्या करानेही ठरते. गाडीची लांबी ४ मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे १२०० किंवा डिझेलचे १५०० सीसीपर्यंत असले की कर कमी. म्हणून कित्येक गाड्यांची शेपूट ४ मीटरला कापल्यासारखी दिसते. २०१६ साली बोलेरोचाही असा ४ मीटरच्या आतला प्रकार आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा लहान गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे, मोठ्या गाड्यांवर ४० टक्के, आणि शेतीच्या ट्रॅक्टरवर ५ टक्के. मोठी गाडी म्हणजे काय, हे या तीन आकड्यांवरून आपोआप कळते.

आत बसल्यावर

दार लावताना ‘धप्’ असा भरीव आवाज येतो आणि बाहेरचा गलका एकदम थांबतो. श्रीमंतीची पहिली भूल इथेच पडते. तो आवाज दाराच्या रबरांनी, आतल्या अस्तराने आणि कुलुपाच्या घडणीने मुद्दाम घडवलेला असतो. त्यातली चांगली रबरे कामाची आहेत, धूळ अडवतात. आपल्याकडे धूळ काय चीज आहे, ते परळीच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना विचारा.

मग हात फिरतो समोरच्या मऊ भागावर. वर शिवण दिसते, लाकूड दिसते. शिवण पुष्कळदा प्लास्टिकवरच मारलेली असते आणि लाकूड हे लाकडाचे चित्र असते. चामडे म्हणतात तेही बहुतेक गाड्यांत कृत्रिम, म्हणजे आपल्या रेक्झीनचेच शिकलेले भावंड. ते वाईट नाही, पुसायला सोपे. पण काळे आसन घेऊन गाडी वैशाखात उन्हात उभी केली, की लेकरू बसताच ओरडते. फिक्या रंगाचे कमी तापते, मात्र मळते. कापडी आसन तापत नाही, पण चिखल धरून ठेवते. तुमच्या घराची रीत पाहून ठरवा.

समोर हातभर पडदा असतो. गाणी, नकाशा, थंड हवा, सगळे त्या काचेवर बोट लावून. उभ्या गाडीत मजा वाटते. चालत्या गाडीत मात्र काचेवर बोट ठेवायला नजर रस्त्यावरून काढावी लागते. गोल फिरवायचे बटण न पाहता सापडते. हंगामात रात्री समोर उसाची ट्रॉली मागचा दिवा नसताना उभी असते, हे आपण सगळे जाणतो. तिथे नजर क्षणभर हटली तर काय होते, ते लिहायला नको. हवेची आणि आवाजाची बटणे हाताला लागतील अशीच गाडी पसंत करा.

छताला काच ही आजची मोठी हौस. पोरे उभी राहून डोके बाहेर काढतात आणि आपण कौतुकाने फोटो काढतो. मंडळी, हे कौतुक नव्हे, जिवाशी खेळ आहे. चालकाने जोरात ब्रेक दाबला की ते लेकरू कडेवर आपटते किंवा बाहेर फेकले जाते. शिवाय त्या काचेच्या कडेने पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. धुळीने त्या तुंबल्या की पावसाचे पाणी आत गळते. काच घेतलीच तर नळ्या साफ करून घ्या आणि पोरांना खाली बसवा.

आता घरातल्या आयाबायांचा विचार. दुकानात गाडी पाहायला जातात चार गडी आणि बसावे लागते आजीला. पायरी किती उंच? नऊवारी नेसलेल्या बाईला चढताना धरायला मूठ आहे का? तिसऱ्या रांगेत गुडघे हनुवटीला तर लागत नाहीत? मागे थंड हवा पोचते का? बाळंतिणीला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर आसन मागे झुकते का? ही आतली खरी सजावट. थारच्या २०२० सालच्या प्रकारात तळ पाण्याने धुता येतो आणि पाणी काढायला खाली बुचे आहेत. म्हणजे पन्नास वर्षांनी शहाणपण फिरून पहिल्या जागी आले. पण त्याच गाडीत मागे चढायला पुढचे आसन दुमडावे लागते, हेही आजीला घेऊन जाल तेव्हाच ध्यानात येईल.

आपण घालतो ती झूल

कंपनीची झूल कमी पडते म्हणून आपण आणखी चढवतो. पुढे लोखंडी गार्ड बसवतो. केंद्र सरकारने २०१७ सालीच असे गार्ड बेकायदा असल्याचे राज्यांना कळवले आहे, आणि कारण समजण्यासारखे आहे. धडकेचा जोर गाडीच्या पुढच्या भागाने दबून शोषायचा असतो. गार्डामुळे तो भलतीकडे जातो, फुगे वेळेवर उघडण्यात अडथळा येऊ शकतो, आणि पायी चालणाऱ्याला लागलेला मार जिवावर बेततो.

आसनांवर साधी खोळ चढवतो. ज्या गाडीत आसनाच्या कडेतून फुगा निघतो, तिथे ती खोळ फुग्याला अडवते. घ्यायचीच तर त्या जागी उसवणारी घ्या. काचांना काळी फिल्म लावतो. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, असा नियम आहे, आणि फिल्मबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली कडक आदेश दिला होता. आणि नंबराच्या पाटीवर ४१४१ असे लिहायचे की लांबून ‘दादा’ वाचावे! दंड भरताना मात्र तो दादा येत नाही.

शेवटचा हिशेब

एकाच गाडीचे चार-पाच प्रकार असतात. खालच्या आणि वरच्या प्रकारांत काही लाखांचा फरक, आणि पुष्कळदा इंजिन तेच. मग वरचे पैसे कशाचे? काचेच्या छताचे, मोठ्या चाकांचे, मोठ्या पडद्याचे, दिव्यांच्या नक्षीचे. कधी कधी जादा फुगे आणि चांगले ब्रेकही त्यात असतात, ते अंग आहे, त्याला पैसे मोजा. म्हणून विक्रेत्याकडून दोन्ही प्रकारांची यादी घ्या, घरी आणा, आणि रात्री जेवणे झाल्यावर सगळ्यांनी बसून एकेका ओळीपुढे लिहा: अंग की झूल?

आणखी एक. दर तीन-चार वर्षांनी कंपनी त्याच गाडीचे तोंड बदलते. नवे दिवे, नवी जाळी, आत नवा पडदा. सांगाडा पुष्कळदा तोच. पण त्या दिवशी तुमची गाडी ‘जुनी’ होते आणि तिचा भाव उतरतो. रुबाबासाठी घेतलेल्या गाडीचा रुबाब हा असा दुसऱ्याच्या हातात असतो. जमिनीचे तसे नाही. तिला विकून गाडी आणलीत, तर दहा वर्षांनी गाडी भंगाराच्या वाटेला लागलेली असेल आणि जमीन दुसऱ्याच्या नावावर पिकत असेल.

कर्जाचे तर नीटच पाहा. पगारदाराचा पगार महिन्याला येतो आणि हप्ताही महिन्याला जातो. आपला कापूस वर्षातून एकदा, सोयाबीन एकदा, उसाचे पैसे कारखाना देईल तेव्हा. हप्ता मात्र बाराही महिने ठरल्या तारखेला दारात. त्या एका गोष्टीने नाकापेक्षा मोती जड होतो.

गाडी घेऊच नका, असे मी म्हणत नाही. अडल्यानडल्याला, दवाखान्याला, लेकीच्या सासरी जायला चांगली गाडी असावी, आणि ती देखणी असली तर सोन्याहून पिवळे. पण घेण्याआधी ती एकदा आपल्या वाटेवर चालवायला मागा. आजीला मागच्या रांगेत बसवा, घरच्या बाईला पिशव्या ठेवून पाहू द्या, पांदणीपर्यंत नेऊन आणा. ऐन पावसाळ्यात गेलात तर फारच उत्तम. विक्रेता तयार नसेल तर दुसरा गाठा.

बैलाला तरी आपण औताला जुंपल्याशिवाय पैसे कुठे मोजतो?